बढतीची अट

८ सप्टेंबर, सोमवार

मॅनेजर स्ट्राउडने आज मला लाइनवरून उठवून ऑफिसात बोलावलं. वाटलं, काढलं! एकोणीस वर्षं पिठात हात घातल्यावर हेच व्हायचं होतं. केसांवरची जाळी काढायचंही सुचलं नाही. तशीच जाऊन उभी राहिले.

"बसा ना, नेडीन." खुर्ची त्यानेच पुढे केली. तेव्हा तर खात्रीच पटली.

मर्ना नाताळात निवृत्त होतेय. सकाळच्या शिफ्टची सुपरवायझर म्हणून तिच्या जागी मी! पगार बांधलेला, तासावर नाही. उभं राहून पावाचे ट्रे ओढणं बंद. "तुमच्यासारखं काम इथे कोणी करत नाही, सगळ्यांना माहीत आहे ते," म्हणाला.

बारा वर्षं या वाक्याची वाट पाहिली. आणि ते कानावर आल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? — "विचार करून सांगते."

"यात विचार कसला करायचा?" तो हसला. मीही हसले. मग गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवायला बराच वेळ लागला.

९ सप्टेंबर

वेंडेलला आजही सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं एकदाचं. भांडी पुसता पुसता, पाठ करून.

वळून बघते तर वेंडेल खुर्चीचं चाक दोन्ही हातांनी बडवतोय! "अगं, मग हे पाठ करून काय सांगतेस? सुपरवायझर! माझी बायको सुपरवायझर!" खुर्ची गरकन फिरवली आणि टेबलाचा कोपरा ठोकला. कोपऱ्याचा टवका गेला. सहा वर्षांत त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग मी म्हटलं, "आणि ओपल?"

त्याने खुर्चीला ब्रेक लावला.

सहा वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, तो एका दातांच्या डॉक्टरच्या छपरावर कौलं बसवत होता. ओल्या पानांवरून घसरला. कमरेखाली सगळं गेलं. ठेकेदार रोख पैसे द्यायचा, कागद नाही, पावती नाही. वीस वर्षं उन्हातान्हात छपरं चढला माणूस, आणि सरकारच्या दप्तरी त्याने कधी काम केलेलंच नाही. म्हणून त्याला मिळतं ते गरिबांचं मेडिकल कार्ड. त्या कार्डावर खुर्ची, नळ्या, औषधं. आणि त्याच कार्डावर ओपल. रोज सकाळी चार तास येते, त्याला उचलते, आंघोळ घालते, पाठीला जखमा होऊ देत नाही. ती नसेल तर मी कामावर जाऊच शकत नाही.

पण घरात बायकोची मिळकत ठरल्या रेषेच्या वर गेली की कार्ड बंद. म्हणून सहा वर्षं मी ओव्हरटाइम नाकारतेय. लाइनवर म्हणतात, नेडीन थकली.

कंपनीचा विमा? विचारून झालंय. तो डॉक्टर देईल. ओपल देणार नाही.

वेंडेल नंतर टीव्ही बघत बसला. टीव्ही बंद होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत सरकारी मदतीच्या ऑफिसला फोन लावला. अख्खी सुट्टी तीच ती धून ऐकण्यात गेली. सुट्टी संपायला चार मिनिटं असताना एक बाई बोलल्या. आवाज बरा होता, माणसाचा होता.

सगळं सांगितलं. त्यांनी काहीतरी टाइप केलं. "बाई, एवढी वाढ झाली तर पुढच्याच तपासणीत कार्ड बंद होईल."

"मग मी काय करू? बढती घेऊ नको?"

"तसं मी म्हणू शकत नाही."

"मग काय म्हणू शकता?"

मग हळू आवाजात, "तुमचं लग्न झालेलं नसतं तर तुमचा पगार त्यांच्या नावावर धरला गेला नसता." आणि लगेच, "हे मी बोलले नाही हां."

घंटा झाली. मी जाळी चढवून लाइनवर गेले. अख्खी दुपार बर्गरचे पाव डोळ्यांसमोरून सरकत होते. एक वाकडा पाव मी उचलला असेल तर शपथ.

२१ सप्टेंबर, रविवार

रॉक्सीकडे गेले. माझी धाकटी बहीण. सफरचंदाचा केक घेऊन गेले, कारण रिकाम्या हाताने जायचं तोंड नव्हतं.

ती आणि डेल नऊ वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहतात. एका ईस्टरला, आईच्या टेबलावर, सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं होतं — "सरकारी मदत सुटू नये म्हणून लग्न टाळायचं? लाज नाही वाटत? चार हात आहेत, कष्ट करा." ती टेबलावरून उठून गेली होती. त्यानंतर फक्त आईच्या दफनाला भेटलो, आणि असंच कधी दुकानात.

तिने दार उघडलं, केककडे पाहिलं. "या, या! संत नेडीन! आज कुणाचा उद्धार करायचाय?"

"रॉक्सी, आत तर येऊ दे."

"ये की. पण बघ हं, घरात पाप आहे. पायाला लागेल."

डेल ट्रकवरून नुकताच आला होता, सोफ्यावर मोजे काढत होता. बिचारा लगेच उठून मागच्या अंगणात गेला.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तिचा हक्कच होता. ती केक कापत राहिली, चांगले जाड तुकडे.

"तुला काय वाटलं, मला पांढरा झगा नको होता?" म्हणाली. "धाकट्याचं दम्याचं औषध त्या कार्डावर यायचं. डेलचा पगार धरला असता तर बंद. लग्न ही पैसेवाल्यांची चैन आहे, ताई."

ताई! बारा वर्षांची असताना म्हणायची.

"मी फार वाईट बोलले होते," मी म्हटलं.

"हो, बोललीस." मग मोठा तुकडा माझ्या ताटलीत टाकला. "खा. केक मात्र अजून कोरडाच करतेस."

२६ सप्टेंबर

स्ट्राउडने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अजून थोडे दिवस. तो म्हणाला, ठीक. मी दारातून बाहेर पडले तशी मर्नाला म्हणाला, दार पुरतं लागलंही नव्हतं — "काही लोकांना पुढे जायचंच नसतं."

मर्ना काही बोलली नाही. तिला सगळं माहीत आहे. तरी बोलली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शब्द वेंडेलनेच काढला. सूप पिता पिता, मीठ मागितल्यासारखा.

"घटस्फोट घेऊ."

मी हसले. "बावीस वर्षांत मी तुला तीनदा धमकी दिली, तेव्हा ऐकू आलं नाही?"

"तेव्हा तुझ्याकडे चांगलं कारण नव्हतं."

"वेंडेल, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. कागदावर घ्यायचा. बाकी आहे तसंच. मी भाडेकरू, तू घरमालकीण. भाडं म्हणून रोज एक विनोद सांगेन."

मी फडकं फेकून मारलं. ते त्याच्या सुपात पडलं. मग भांडण, खरंखुरं, शेजारी ऐकतील असं. मी म्हटलं, देवासमोर शब्द दिलाय. तो म्हणाला, देवाला तुझी पे-स्लिप बघायची नसते, सरकारला बघायची असते. मी म्हटलं, मला ती सुपरवायझरची खुर्ची नको, मी आहे तशी बरी आहे. तेव्हा तो ओरडला —

"मी बरा नाही! सहा वर्षं तू माझ्यासाठी स्वतःला कमी करून घेतेयस आणि मी बघतोय! मी काम करणारा माणूस होतो गं. कुणाच्या पायातला धोंडा नव्हतो."

सूप ओतून टाकलं.

७ ऑक्टोबर

बाबा म्हणायचे, घाम गाळणाऱ्याला देव उपाशी ठेवत नाही. ते फर्निचरच्या कारखान्यात होते. खुर्च्यांचे पाय घासायचे. एका माणसाच्या त्या पगारात हे घर झालं, आम्ही दोघी शिकलो, आईला कधी नोकरी करावी लागली नाही. उन्हाळ्यात तळ्यावर आठ दिवस जायचो. त्यांच्याकडे कोणी मदत मागायला आलं की ते त्याचे हात बघायचे. घट्टे नसतील तर तोंड फिरवायचे.

मीही तशीच झाले. लोकांचे हात बघायची. रॉक्सीचेही बघितले.

आज माझे हात पाहिले. उजव्या अंगठ्याचं पेर भट्टीच्या दाराने वाकडं झालंय. मनगटावर भाजल्याचे चट्टे. बाबांनी हे हात पाहून मला आत घेतलं असतं, जेवायला बसवलं असतं. पण मग काय सांगितलं असतं? अजून कष्ट कर? किती अजून? मी कमी काम करते तेव्हा नवरा जगतो. जास्त केलं की त्याची आंघोळ बंद होते. हे गणित त्यांना समजावून सांगता आलं असतं का मला? ते म्हणाले असते, तू कुठेतरी चुकतेयस, नेडीन. पुन्हा बघ.

रोज पुन्हा बघते. चूक सापडत नाही.

मी आळशी नाही. हे इथे लिहून ठेवते. कोणी वाचणार नाही तरी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयाच्या तळघरात गरिबांसाठी फुकट वकील बसतात. मिस टेलफर. मला मुलगी असती तर तिच्या वयाची. तिने आम्हाला प्लॅस्टिकच्या कपात कॉफी दिली आणि वेंडेलशी थेट बोलली, माझ्याकडे बघून नाही. त्याला ते आवडलं.

"एकाच छपराखाली राहणार असाल तर सांभाळून," म्हणाली. "खोल्या वेगळ्या. जेवणखाण वेगळं. भाड्याचा करार लिहा. आणि चारचौघांत नवराबायको म्हणवून घेऊ नका. अंगठ्या नकोत. 'माझा नवरा' असं चुकूनही नको. तपासायला माणूस येऊ शकतो, शेजाऱ्यांना विचारू शकतो."

"मग त्याला काय म्हणू?" मी विचारलं.

"नावाने हाक मारा."

"नावाने तर मारतेच."

ती कागदांत बघत राहिली. "मला माहीत आहे हे कसं आहे ते," म्हणाली. "या महिन्यातलं तुमचं चौथं जोडपं."

२० ऑक्टोबर, सोमवार

अर्ज दिला. कारणाच्या जागी छापलेलंच असतं — नातं पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलं आहे. मी सही करताना कागद सरकत होता. वेंडेलने तो धरून ठेवला, मला नीट सही करता यावी म्हणून.

आता साठ दिवस थांबायचं. मग कोर्ट.

२१ ऑक्टोबर

स्ट्राउडला हो सांगितलं. त्याने हात दाबला. "बघा! कष्टाचं फळ मिळतंच या देशात!"

मी म्हटलं, "हो ना."

९ नोव्हेंबर, रविवार

अंगठी निघेना. बावीस वर्षांत बोट जाड झालंय. ओपलने बोटाला साबण चोळला, मग लोणी, मग दोरा गुंडाळून ओढली.

ओपल तेहतीस वर्षं लोकांना आंघोळी घालतेय. पासष्ट पार केली तरी आठवड्याचे सातही दिवस. ती ओढता ओढता म्हणाली, "माझ्या एका घरी म्हातारा-म्हातारीने असंच केलं होतं. साठ वर्षांचा संसार. म्हातारी मेली तेव्हा पेपरात तिचं नाव 'मैत्रीण' म्हणून छापलं."

"ओपल! हे आत्ता सांगायची गोष्ट आहे का?"

"मग कधी सांगू? निघाली बघ अंगठी."

बोटावर पांढरा पट्टा राहिलाय. वेंडेलची सहज निघाली. तो किती वाळलाय, हे मला आज कळलं.

१६ नोव्हेंबर

चर्चमध्ये पाद्रीबाईंनी विचारलं, "तुमचे यजमान कसे आहेत?" म्हटलं, "वेंडेल बरा आहे." त्यांनी दोनदा माझ्या हाताकडे पाहिलं.

घरी येऊन सांगितलं तर वेंडेल हसून हसून लाल. "घरमालकीणबाई, भाडेकरूला कॉफी मिळेल का? की करारात नाही?" मीही हसले. खूप दिवसांनी दोघं हसलो.

आता तो मागच्या खोलीत झोपतो. करार आहे म्हणून. भिंतीवर ठोकून गुड नाइट म्हणतो.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

रॉक्सी, डेल आणि पोरं आली. किती वर्षांनी या घरात! रॉक्सीने रताळी आणली, डेलने टर्की कापली. कारखान्यातले पाव मी आणले होते. धाकटा म्हणाला, "मावशी, हे सगळे तू केलेस?" म्हटलं, हो, चार लाख. डोळे बघायला हवे होते त्याचे!

जेवण झाल्यावर डेल आणि वेंडेल बाहेर ओट्यावर बसले, थंडीत. मी ब्लँकेट घेऊन गेले तर बोलणं थांबलं.

"काय चाललंय?"

"ट्रकचं," डेल म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. थंडीने झाले असतील.

१० डिसेंबर

मर्नासोबत शिकतेय. नवा पगार नाताळानंतर, तोवर जुनाच. आज तिने मला तिचं टेबल दाखवलं. टेबलाला खिडकी आहे! एकोणीस वर्षं त्या इमारतीत, आणि बाहेर पाऊस आहे की बर्फ हे मला घरी जाताना कळायचं.

एका नव्या मुलीला ओव्हरटाइमचं विचारलं. तिने खाली बघून नाही म्हटलं. मी कारण विचारलं नाही. 'ठीक आहे' एवढंच म्हटलं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, जणू मी अजून काही बोलेन.

२२ डिसेंबर, सोमवार

दहा मिनिटं. आमच्या लग्नाला तरी अर्धा तास लागला होता.

न्यायाधीश म्हातारे होते. चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. मी वेंडेलच्या गळ्यातला मफलर नीट करत होते. त्यांना नक्की कळलं. अशी जोडपी बघून बघून कळत असेल. तरी विचारावं लागतं त्यांना.

"हे लग्न पुन्हा जुळण्याची काही शक्यता?"

मिस टेलफरने कोपराने ढोसलं. मी तोंड उघडायच्या आत वेंडेल बोलला, मोठ्याने, स्पष्ट —

"नाही, साहेब. काहीच नाही."

इतकं चांगलं बोलला की मलाच चमकल्यासारखं झालं.

मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. त्याने माझ्यासाठी न विचारता अंडी आणि बटाटे मागवले, त्याला माहीत आहे मला काय लागतं. वाढणारी मुलगी म्हणाली, "काही साजरं करताय का?" वेंडेल म्हणाला, "हिची बढती!" तिने फुकटात वर क्रीम घातलेली कॉफी आणून दिली.

तो जेवताना माझ्याकडे बघत होता. सारखा बघत होता. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, काही नाही, खा.

२९ डिसेंबर

पहिला दिवस. छातीवर नाव — नेडीन हकाबी, सुपरवायझर. लाइनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आडनाव अजून त्याचंच आहे, बदलायचं लक्षातच आलं नाही. बदलणार नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

स्ट्राउड म्हणाला, "आता तुम्हाला कुणी अडवू शकत नाही." घरी येताना वेंडेलसाठी नवी, हवेची गादी बघितली, पाठीच्या जखमांसाठी. पहिला पगार झाला की घेणार. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "घाई करू नकोस."

६ जानेवारी, मंगळवार

मागची खोली रिकामी आहे. डेल सकाळी ट्रक घेऊन आला होता. एव्हान्सव्हिलला खुर्चीवरच्या लोकांसाठी घरं आहेत, तिथे. डेलने फोनवर सांगितलं, वेंडेलने तिथे नाव सप्टेंबरातच घातलं होतं. घटस्फोटाचा शब्द काढायच्याही आधी.

चिठ्ठीत तीनच ओळी — "न्यायाधीशांना मी खरं तेच सांगितलं. तू अजून सत्तेचाळीस वर्षांची आहेस. मला शोधत येऊ नकोस, नेडीन."

ओपल मी येईपर्यंत थांबली होती. अंगात कोट घालून, दाराशी. म्हणाली, "उद्यापासून मी येऊ की नको?"